ताटभर मांडे

खानदेशातल्या बाजीराव देशमुखांना बडेजाव भारी आणि हात मात्र आखडता. लेकीच्या सासरची मंडळी जेवायला आली, तेव्हा त्यांनी स्वयंपाकीण हौसाबाईपुढे दोन ओंजळी कणीक ठेवली आणि बजावलं, "एकाही ताटाचा तळ दिसता कामा नये. दिसला तर उद्यापासून येऊ नकोस!"

हौसाबाईने कणीक तिंबली, हातांवर झुलवत कागदासारखे पातळ मांडे केले आणि उपड्या खापरावर भाजले. ताटं काठोकाठ झाकली गेली. देशमुखांनी मिशीला पीळ दिला. पण दोन घासांत मांडे संपले आणि व्याही भुकेलेच बसून राहिले.

देशमुख सगळ्यांदेखत ओरडले, "हौसे, कुणाचंच पोट भरलं नाही!"

"सरकार, तुम्ही ताट झाकायला सांगितलं होतं. ते पसरून झाकता येतं. पोट भरायला कणीकच द्यावी लागते."