सगळ्या शाळेला एकच मिशी

"उद्या संध्याकाळपर्यंत शाळेतल्या एकूणएक पोराचा फोटो इंटरनेटवर झळकला पाहिजे!" झुंबरराव महाराज गरजले. "खाली नाव, वाढदिवस, घरचा पत्ता आणि लाडाचं नाव. एकही जागा रिकामी दिसता कामा नये!"

कातळगडच्या या राजाला एकदा हुक्की आली की आली. शेजारच्या राजाने आपल्या शाळेची वेबसाइट काढली होती आणि लोक तिची वाहवा करत होते. मग आमचे महाराज कसे गप्प बसणार?

मुख्याध्यापिका कुमुदबाईंनी हात जोडले. "महाराज, एवढं सगळं उघड्यावर टाकलं, तर उद्या कुणीही परका फाटकाशी येईल. पोराला लाडाच्या नावाने हाक मारील आणि म्हणेल, 'चल, आईनं बोलावलंय!' पोर जाईल ना हो त्याच्या मागे!"

"मग परक्याला एकही पोर ओळखू येता कामा नये!"

"फोटोही लावायचा आणि ओळखूही यायचं नाही?"

"दोन्ही! नाही जमलं तर शाळा बंद. तिथं माझे हत्ती बांधीन!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना तेवढंच काम होतं.

बाई डोळे पुसतच शाळेत परतल्या. वरच्या वर्गातली हौसा पुढे आली. तिचा बाप बहुरूपी. आज जमादार, उद्या वैद्य, परवा संन्यासी! सोंग अंगावर असेतो खरं नाव सांगायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत.

"बाई, रडताय कशापायी? बाची रंगाची पेटी आणते. महाराज म्हणाले तसंच करू. अगदी तस्संच!"

दुसऱ्या दिवशी शाळेची दारं दिवसभर बंद होती आणि आतून नुसतं खिदळणं ऐकू येत होतं. संध्याकाळी फोटो राजवाड्यात पोचले. संगणकावरच्या कारकुनाने पहिला फोटो उघडला आणि तो ताडकन उभाच राहिला. दुसरा उघडला, मुजरा केला. तिसऱ्यालाही मुजरा! असल्या फोटोंना नको म्हणायची त्याची काय छाती? त्याने सगळेच्या सगळे वेबसाइटवर चढवून दिले.

सकाळी महाराज दात घासत होते, तोच खिडकीखालून हाक आली, "छबू! ए छबू! चल, आईनं बोलावलंय!"

"आलो गं!" म्हणत महाराज धोतर सावरत जिना उतरू लागले. अर्ध्यावर गेले तोच मागून राजमाता ओरडल्या, "अरे, मी कुठं बोलावलं?"

खाली मिशांना लावायचा कलप विकणारा एक फेरीवाला उभा होता. त्याच्यामागे अत्तरवाले, ज्योतिषी, विमावाले... आणि सगळे छबूलाच शोधत होते!

महाराजांनी धावत जाऊन वेबसाइट उघडली. पानोपानी तोच जरीचा फेटा, त्याच जाड भुवया, तीच झुपकेदार मिशी. नाव: झुंबरराव. वाढदिवस: महाराजांचा. पत्ता: राजवाडा, पहिला मजला, पूर्वेची खोली. लाडाचं नाव: छबू! राजमाता रोज सज्जातून 'छबू, दूध पिऊन जा' म्हणून ओरडत, त्यामुळे हे गुपित सगळ्या गावाला पाठ होतं.

"काढून टाका!"

कारकून चाचरला. "काढलं, महाराज. पण शेजारच्या महाराजांनी आधीच उतरवून घेतलंय. त्यांचा दरबार फार हसला म्हणे."

कुमुदबाई आणि हौसाला तातडीने बोलावणं गेलं. बाई दाराशीच थबकल्या. हौसाने मात्र लवून मुजरा केला.

"हा काय चावटपणा आहे?"

"महाराजांच्या शाळंतली पोरं हायेत ही! एकूणएक. एक जागा रिकामी न्हाई, आन् परक्याला एक पोर वळखू येत न्हाई."

"परक्याचं सोड! माझा युवराजही तुमच्याच शाळेत शिकतो. यात तो कुठला?"

"वळखा की!"

महाराजांनी बराच वेळ डोळे ताणले आणि एका मिशीवर बोट ठेवलं. "हा!"

"ती आमची शेवंता, महाराज."

दरबारी खोकू लागले. हसू दाबायचं तर दुसरं काय करणार? महाराजांचा पारा आणखी चढला.

"पण माझं नाव, माझी झोपायची खोली साऱ्या जगाला सांगितलीस! मला विचारलं होतंस?"

"न्हाई विचारलं, महाराज," हौसा म्हणाली. "पर पोरांना तरी कुणी विचारलं हुतं?"

महाराजांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग त्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते पोट धरून हसत सुटले. "अगं, आईच्या नावानं हाक मारून घेऊनच चालला होता की तो मला! या वयात! बाई, शाळा तुमची. पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय यापुढे एक अक्षर बाहेर जायचं नाही!"

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं. "आणि तुझा फोटो आजच्या आज राजवाड्याच्या वेबसाइटवर!"

"लावा की, महाराज!" हौसा कडं घालत म्हणाली. "कुठल्या सोंगातला दिऊ?"