जांभळाखालची शाळा

एका डोंगरउतारावरच्या जंगलात वानरांचा एक कळप राहत असे, आणि मुलांनो, त्या कळपाची स्वतःची शाळा होती. शाळेला भिंती नव्हत्या, फळा नव्हता, घंटाही नव्हती. पण बाई होत्या, आणि बाई असल्या की बाकीचं नसलं तरी चालतं. बाई म्हणजे कळपातली सगळ्यांत म्हातारी वानरीण. आवाज खणखणीत, आणि शिस्त अशी की वर्गात साधं अंग खाजवायचं असलं तरी आधी परवानगी घ्यावी लागे.

शाळेत विषय एकच होता: कुठल्या महिन्यात काय खायचं आणि ते कुठे मिळतं. त्याचा एक पाठ होता, बाईंच्या आईने रचलेला. टेकडीवरच्या मोठ्या जांभळाखाली पिल्लं रोज सकाळी ओळीत बसत आणि एका सुरात म्हणत, “चैत्री पळस माळावर, वैशाखी करवंद कड्यावर, जेठी जांभूळ टेकडीवर.” असे बाराही महिने. एक पिल्लू तर हा पाठ उलटीकडूनही म्हणून दाखवी. त्याचा पहिला नंबर ठरलेलाच होता, इतका की त्याची आई त्याला हाक मारतानासुद्धा ‘पहिल्या’ म्हणे.

शेवटचा नंबरही ठरलेला होता. तो एका लहान वानरीचा. ती रोज उशिरा येई. बाई विचारत, “उशीर का झाला?” ती खाली बघे. मग बाई म्हणत, “दोन्ही हातांनी स्वतःची शेपटी धर आणि उभी राहा.” त्या शाळेतली ही मोठी शिक्षा होती. आपली शेपटी आपणच धरून उभं राहिलं की किती बावळट दिसतं, ते वानरांनाच ठाऊक.

त्या वर्षी चैत्रात गारा पडल्या आणि जांभळाचा सगळा फुलोरा झडून गेला. जेठ उजाडला तसा अख्खा कळप नेहमीप्रमाणे टेकडीवर मुक्कामाला आला. झाडावर औषधालाही फळ नव्हतं. बाई मात्र डगमगल्या नाहीत. “जेठ आहे, टेकडी आहे, जांभूळ आहे,” त्या म्हणाल्या. “पाठात चूक नाही. बसा. फळं येतील.”

सगळे बसले. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. कोवळा पाला संपला आणि जून पाला पिल्लांच्या पोटाला सोसेना. सकाळचा पाठ चालूच होता, पण आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. शेवटी कळपाचा म्होरक्या, तो दांडगा हुप्प्या, बाईंजवळ येऊन बसला. “बाई, अमावास्येपर्यंत वाट बघू,” तो म्हणाला. “मग रस्ता ओलांडून पलीकडच्या रानात जाऊ.”

रस्त्यावर दिवसभर गाड्या धावत, आणि पलीकडे पोचण्याआधी गावची कुत्री होती. धडधाकट वानरांचं एक वेळ निभावलं असतं, पण उपाशी पिल्लांना दोन उड्याही धड मारता येत नव्हत्या. त्यांतली सगळीच काही पलीकडे पोचणार नाहीत, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी लहान वानरी पुन्हा उशिरा आली. बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “उशीर का झाला? धर शेपटी.” तिने शेपटी धरली, आणि शेपटी हातांना जी चिकटली ती सुटेचना. बाई जवळ गेल्या. बाकीच्या पिल्लांच्या बरगड्या मोजता येत होत्या; हिचे गाल मात्र चांगले गुबगुबीत होते.

“तोंड उघड,” बाई म्हणाल्या.

ओठही चिकटले होते. ते कसेबसे सोडवत ती म्हणाली, “बाई, रागवणार नाही ना?”

“आधी सांग, मग ठरवते.”

“चिकट भोकरं खाल्ली. ओढ्याच्या वळणावर झाड आहे.”

“पाठात भोकर नाही,” पहिल्या लगेच म्हणाला.

“झाडाला कुठे माहीत आहे ते?” लहान वानरी म्हणाली.

बाई रागवल्या नाहीत. तेवढा वेळच नव्हता. सगळा कळप वळणावर धावला आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पिल्लं पोटभर जेवली. बाईंना फार बरं वाटलं. आणि बरं वाटलेली शिक्षिका जे करते तेच त्यांनी केलं. त्यांनी पाठात एक नवी ओळ घातली: “जांभूळ नसता भोकर वळणावर.” वर्गाने ती शंभरदा म्हटली. पहिल्याने उलटीकडूनही म्हटली.

पाच दिवसांत भोकरं संपली. सहाव्या दिवशी सकाळी बाई वळणावर आल्या आणि जागीच थबकल्या. रिकाम्या भोकराखाली पिल्लं ओळीत बसली होती आणि जोरजोरात म्हणत होती, “जांभूळ नसता भोकर वळणावर.” बाईंना आधी हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. पिल्लं चुकली नव्हती. त्यांना शिकवलं होतं तेच ती करत होती.

त्यांनी लहान वानरीला जवळ बोलावलं. “हे झाड तुला सापडलं कसं?”

“खडकावर बुलबुलांची शीट पडली होती, बाई. तिच्यात बिया होत्या, आपल्या ओळखीच्या नव्हत्या. म्हणून रोज सकाळी बुलबुल कुठून येतात ते बघत बसायचे.”

“छी,” पहिल्या म्हणाला.

“आणि फळ विषारी असतं तर?” बाईंनी विचारलं.

“आधी वास घेतला. मग जिभेच्या टोकाला लावलं आणि थांबले. दुसऱ्या दिवशी एकच खाल्लं आणि पुन्हा थांबले. पोट दुखलं नाही, मग खाल्ली.”

बाईंना आपली आई आठवली. आईच्या पोटाला बिलगून त्या रानभर हिंडल्या होत्या. आई हुंगायची, चाखायची, थुंकायची, थांबायची, पाखरांच्या मागे मागे जायची. तेव्हा पाठ नव्हताच. आईने आयुष्यभर पायपीट केली आणि म्हातारपणी त्यातून पाठाच्या ओळी जुळवल्या. बाईंनी पिल्लांना ओळी तेवढ्या दिल्या होत्या. आणि जे एक पिल्लू आपल्या पायांनी हिंडत होतं, त्याला रोज शेपटी धरून उभं केलं होतं.

“उठा,” त्या म्हणाल्या. “आजपासून वर्ग रानात.”

“पण बाई,” पहिल्याने विचारलं, “उत्तर काय येणार आहे?”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

पिल्लं एकमेकांकडे बघू लागली. हे शब्द त्यांनी बाईंच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. पहिल्याला तर रडूच फुटायच्या बेतात होतं. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला पुढे घातलं.

दोन दिवस पिल्लं हिंडली. खडक पाहिले, वारा हुंगला, एकदा कडू साल चाखून सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. हाताला काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी डोक्यावरून धनेश पक्ष्यांची जोडी उडाली आणि पहिल्या एकदम थांबला. “काल हे दोघे याच वेळी त्या घळीकडे गेले होते,” तो म्हणाला. “परवाही. मला पक्कं आठवतं.” इतकी वर्षं तो आठवत आला होता, आज पहिल्यांदा ते कळपाच्या उपयोगी पडलं. सगळी घळीत उतरली. तिथे एक जुनं उंबराचं झाड उभं होतं, आणि बुंध्यापासून फांद्यांपर्यंत लालबुंद फळांनी लगडलं होतं.

अमावास्येला अजून दोन दिवस होते. हुप्प्याने दोन्ही हातांनी उंबरं तोंडात कोंबली आणि रस्त्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

शाळा अजून आहे. पाठही आहे, रोज सकाळी तो एकदा म्हणतात, कारण तो बाईंच्या आईचा आहे आणि पुष्कळदा बरोबरही असतो. मग सगळी रानात पांगतात. लहान वानरी हल्ली वेळेवर येते.

एकदा मात्र गंमत झाली. सूर्य कासराभर वर आला, पिल्लं ओळीत बसली, आणि बाईंचाच पत्ता नाही. अखेर त्या धापा टाकत आल्या. हनुवटीला कसलासा पिवळा रस लागला होता.

लहान वानरीने उभं राहून विचारलं, “बाई, उशीर का झाला?”

बाईंनी मुकाट्याने दोन्ही हातांनी स्वतःची शेपटी धरली आणि त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “येताना एक झाड दिसलं. कशाचं आहे ते मला माहीत नाही. जिभेला लावून आले आहे, अजून तरी जीभ खाजत नाही. चला, बघून येऊ.”

तात्पर्य : मुलांना आपल्याकडची उत्तरं जरूर द्यावीत, पण उत्तर शोधायचं कसं हे त्याआधी शिकवावं; कारण उद्याचा प्रश्न शिकवणाऱ्यालाही माहीत नसतो.