हीथचे सात नमुने

"मेंढ्यांनी खाल्ली नाहीत, तर मग झाडं गेली कुठं, सर?"

डॉ. निरंजन टेंभेकरांनी टेबलावर मूठ आपटली. ते आता वनस्पती-संरक्षण समितीचे अध्यक्ष होते, आणि मूठ आपटण्याचा अधिकार त्या पदाबरोबरच मिळतो.

समोर बसलेल्या केळशीकरांनी हिमालयातल्या या जुन्या संग्रहालयात चाळीस वर्षं वाळलेल्या वनस्पती सांभाळल्या होत्या. टेंभेकर त्यांचेच विद्यार्थी.

"कुठली झाडं?"

"हीथ! पांढऱ्या घंटांसारखी फुलं येणारं रानटी झुडूप. खोरकोटच्या डोंगरावर होतं, आता एक काडी दिसत नाही. या मेंढपाळांना काही लाज? कुरण बंदच झालं पाहिजे. जुन्या नोंदी तपासल्या, एवढ्यापुरती तुमची सही हवी. अहवाल उद्या जातोय."

कुरण बंद म्हणजे सव्वीस घरांचं पोट बंद. अहवालात ते वाक्य नव्हतं.

केळशीकर उठले. कपाटातून सात जाड कागद आणले. प्रत्येकावर हीथची एक वाळलेली फांदी, खाली नोंदीची चिठ्ठी.

"वाच."

"मला पाठ आहे ते..."

"तरी वाच."

"स्थळ : खोरकोट, डाकबंगला. उंची : सात हजार फूट."

"पुढचा."

"स्थळ : डाकबंगला..."

सातही कागदांवर डाकबंगला, आणि खाली एकाच इंग्रज साहेबाची सही. साल तेवढं बदलत होतं.

"तू शोधलंस कुठं?"

"नोंदीत आहे तिथंच! बंगल्याभोवतीचा उतार तीन दिवस पिंजून काढला."

"आणि वर?"

"वरची नोंदच नाही, सर! नोंद नाही तिथं समिती कशी जाणार?"

केळशीकरांनी एक कागद पुढे ओढला.

अशा कागदाच्या कोपऱ्यात एक पाकीट चिकटवलेलं असतं, गळलेली फुलं-पानं ठेवायला. त्यांनी ते उघडलं आणि अहवालावर उपडं केलं.

तीन सुकी फुलं पडली. आणि मुळांबरोबर आलेली चिमूटभर काळी, धारदार खडी.

"बंगल्याभोवती काय आहे?"

"तांबडी माती... आणि हिरवळ."

"मग ही?"

टेंभेकरांनी खडी बोटावर घेतली. तशी खडी त्यांनी एकदाच पाहिली होती. तेरा हजार फुटांवर, बर्फ वितळतं तिथं. तेव्हा ते विद्यार्थी होते आणि पायी चालत.

"नमुने गोळा करणारे साहेब तिथवर चढले होते?"

"सव्वादोनशे पौंडांचा माणूस? त्यांच्याच रोजनिशीत आहे बघ. चढायचे मेंढपाळ. साहेब उतरत त्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात झाड आणून ठेवायचे. साहेब चहा घेता घेता चिठ्ठी लिहायचे."

"मग मेंढपाळांची नावं कुठं आहेत?"

"त्यांना रकाना नव्हता."

...

टेंभेकरांनी फुलं आणि खडी पुन्हा पाकिटात भरली. अहवाल ओढून घेतला, मधोमध फाडला आणि पिशवीत कोंबला. संताप होताच, त्याचा धनी तेवढा बदलला होता.

"म्हणजे या साहेबानं सातही वेळा धडधडीत खोटं लिहिलं!"

"छे, छे... पत्ता अगदी बरोबर लिहिला," केळशीकर म्हणाले. "स्वतःचा."