गोजिरीची भूक घर सोडून जाते

एक होता राजा, एक होती राणी आणि त्यांना नवसानं झालेली एकुलती एक लेक. तिचं नाव गोजिरी. गालांचे नुसते लाडू, बरं का!

पण राणीला धास्ती दृष्टीची. लेक बाळसेदार आहे असं तोंडानं म्हणायचं नाही. आईचीच दृष्ट आधी लागते म्हणतात ना! म्हणून कुणी विचारलं की राणी म्हणायची, "कसलं काय, वाळलीय नुसती." आज म्हटलं, उद्या म्हटलं, आणि म्हणता म्हणता तिला लेक खरंच वाळलेली दिसायला लागली. तिचं ऐकून राजालाही तसंच दिसायला लागलं. तो तरी काय करणार बिचारा!

मग काय! तूपभात, त्यावर शिरा, त्यावर दूध. हा घास काऊचा, हा घास चिऊचा. काऊ-चिऊ कंटाळून उडून गेले, पण घास काही संपेनात. हसतोस काय रे मल्हारी? तुझी आई वेगळं काय करते?

आणि एक दिवस गोजिरीनं तोंडच मिटलं. राजानं हत्ती नाचवला, तोंड उघडेना. आचाऱ्यानं साखरेचा मोर केला, तरी उघडेना. मग वैद्यबुवांनी नाडी धरली. म्हणाले, "महाराज, हिची भूक घर सोडून गेलीय. परत आली नाही, तर लेक हातची जाईल."

राणी ढसाढसा रडली. मग डोळे पुसले आणि अनवाणीच निघाली भुकेला शोधायला.

भूक राहते कुठे, सांगा पाहू? देवळात नाही, बाजारात नाही. ती होती कुंभारवाड्यात, शिवाशिवी खेळणाऱ्या पोरांत. एवढीशी परकरी पोर! ती ज्याला शिवायची, तो "आये, भाकर दे" करत घराकडे पळायचा. राणीनं ओळखलं. तिचे हात धरून म्हणाली, "बाई गं, घरी चल."

"कशी येऊ? मी दारात यायच्या आधीच तुम्ही घास कोंबता. मला बसायला जागा कुठाय?"

"आता नाही कोंबणार."

"मग गोजिरीला इथं खेळायला सोडा. आणि मी शिवेपर्यंत ताट पुढं करायचं नाही."

राणीनं लेकीला सोडलं. सकाळ गेली, दुपार गेली. राणीचा जीव खालीवर. वाटी घेऊन उठायची, परत बसायची. राजा म्हणाला, "राणीसाहेब, एकच घास..."

"गप्प बसा!" राणी म्हणाली. तिनं वाटी लांब सरकवली.

दिवेलागणीला गोजिरी चिखलानं माखून धावत आली. "आई, भाकर दे!"

राणीनं भरवलं. अर्धी भाकर खाऊन गोजिरी म्हणाली, "पुरे."

पुढचा घास राणीच्या हातातच राहिला. तिनं लेकीकडे पाहिलं. गोल गाल, गोल पोट, अगदी हवी तशी! राणीला हसू आलं आणि रडूही आलं. मग तिनं तो घास स्वतःच्याच तोंडात टाकला. कितीतरी दिवसांत ती पोटभर जेवलीच नव्हती.

मग भूक घरीच नांदली आणि सगळी सुखी झाली. चला, पांघरुणं ओढा आणि डोळे मिटा बघू.