कोंबड्या काय म्हणाल्या

या, पांघरुणात शिरा. पाय आत घ्या. आजची गोष्ट जरा रडकी आहे, आधीच सांगते. मध्येच उठून आईकडे पळायचं नाही.

एकदा काय झालं, खाडीच्या काठी एक गाव होतं. राजासुद्धा होता, पण तो लांब डोंगरापलीकडे राहायचा आणि या गावाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. म्हणून राजाला राहू दे तिकडेच. गावात होती मिठागरं. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, उन्हात आटू द्यायचं, की खाली मीठ उरतं. जिकडे बघावं तिकडे मिठाच्या राशी. पण प्यायला गोडं पाणी म्हणाल, तर सगळ्या गावात मिळून एकच विहीर. उन्हाळ्यात तीही तळाला जायची.

तर त्या काळी एक नवल होतं, बरं का. देवानं प्रत्येक मुक्या जिवाला एक शब्द दिला होता. एकच. तो जन्मभर पोटात जपून ठेवायचा आणि मरताना बोलायचा. तोही ज्यानं जीव लावला त्याच्याच कानात. राजाचा हत्ती मरताना 'जंगल' म्हणाला, तर राजाला कितीतरी दिवस घास गेला नाही. एक बोका नुसतं 'दूध' म्हणाला. बोकाच तो, आणखी काय म्हणणार?

त्या गावात पोशी नावाची एक बाई होती. नवरा हसुराम दिवसभर मिठागरात राबायचा. त्यांना एकच लेक, ठमी. ठमी जन्मापासून अशक्त होती. हाताला धरून चालवावी तर दारापर्यंत जाऊन दमायची. पोशीच्या परसात कोंबड्या होत्या, आणि रोजचं ताजं अंडं ठमीच्या पोटात जायचं. त्या अंड्यांवरच पोर तगली होती. म्हणून पोशी कोंबड्यांना पोटच्या पोरांसारखी जपायची. कुणी कवडी, कुणी तांबडी, कुणी लंगडी, सगळ्यांना नावं होती.

आता पोशीचा जीव असा घाबरा, की ती रोज तिन्हीसांजेला ठमीची दृष्ट काढायची. मुठीत खडेमीठ, मोहरी, दोन लाल मिरच्या. पोरीवरून उतरवायचं, तोंडानं पुटपुटायचं आणि सगळं चुलीत टाकायचं. पण मिरच्या जळल्या की खकाणा उठायचा आणि ठमीला खोकल्याची उबळ यायची. खोकून खोकून पोर निळी पडायची. मग पोशीनं काय केलं? मूठ चुलीत टाकणं सोडलं आणि मागच्या दारातून परसात भिरकावायला लागली. आईचंच डोकं ते, लेकराला त्रास नको एवढंच तिला कळत होतं.

शेजारी आंबूआय राहायची. म्हातारी, एकटी. तिच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, तो डोळा पार पांढरा दिसायचा. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. ठमीसुद्धा. ठमी जन्मली तेव्हा रडेचना, तर आंबूआयनं तिच्या तोंडात फुंकर घालून तिला रडवली होती. म्हातारीचा स्वभाव मोकळा होता. चांगलं दिसलं की बोलून टाकायची.

एक दिवस ती कुंपणावरून म्हणाली, "पोशे, कोंबड्या काय गो गरगरीत झाल्यात तुझ्या!"

पोशी हसली. दुसऱ्या दिवशी बघते तर काय, कवडी पंख पाडून बसलेली. तांबडी झिंगल्यासारखी चालतेय. लंगडी तर उठेचना. एकदम सगळ्या! दाणे नकोत, नुसतं पाणी पीत होत्या. मातीच्या पसरट परळातलं पाणी संपलं की रिकाम्या परळात चोच आपटत होत्या. पण उन्हाळ्यात पाणी आणायचं कुठून? पोशी ठमीच्या वाट्यातलं थोडं घालायची, ते क्षणात संपायचं.

मग पोशीला वाटलं, कोंबड्यांना दृष्ट लागली. तिनं दोन्ही मुठी भरून मीठ घेतलं, खुराड्यावरून उतरवलं आणि दिलं परसात फेकून. सकाळी कोंबड्या आणखी खंगल्या. तिनं आणखी मोठी मूठ घेतली. सकाळी त्याहून वाईट. जितकी दृष्ट काढावी तितक्या कोंबड्या आजारी!

काय गं, तू का उठून बसलीस? कळलं वाटतं तुला. गप्प राहा, सांगू नकोस भावाला. पोशीला अजून कळलेलं नाही.

मग कवडी मेली. पोशीच्या मांडीवर मेली. मान टाकायच्या आधी तिनं चोच पोशीच्या कानाशी नेली आणि म्हणाली, "पांढरं."

पोशी रडत रडत विहिरीवर गेली. तिथं बायका होत्या. त्यांत धर्मीवहिनी होती. गावात कुणाच्या घरी काय झालं ते त्या घराच्या आधी हिला कळायचं, अशी बाई. तिनं विचारलं, "कोंबडी काय बोलली गो?"

"पांढरं म्हणाली."

धर्मीवहिनीनं आवाज खाली आणला. "पांढरं म्हणजे दुसरं काय? आंबूचा डोळा. गरगरीत झाल्यात म्हणाली होती ना?"

पोशी हंडा भरून घरी आली. पण मनात किडा शिरला तो शिरलाच.

मग तांबडी मेली. ती म्हणाली, "पाणी."

"बघ!" धर्मीवहिनी म्हणाली. "सगळ्यांच्या आधी विहिरीवर कोण येतं? आंबूच येते ना? पाण्यात काय टाकते कुणाला ठाव! आज कोंबड्या, उद्या आपली पोरं."

पोरांचं नाव निघाल्यावर सगळ्या बायका भ्यायल्या. दुसऱ्या सकाळी आंबूआय हंडा घेऊन आली, तर कुणीतरी तिचा हंडा उचलून वाटेवर ठेवला. कुणी दोर दिला नाही. कुणी बोललं नाही. म्हातारीनं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. ज्यांची बाळंतपणं केली त्याच सगळ्या. शेवटी तिनं पोशीकडे पाहिलं.

"पोशे, तू बी?"

पोशीनं मान खाली घातली. तिला ठमीची भीती वाटत होती, आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हींतलं जास्त काय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. म्हातारी रिकामा हंडा घेऊन परत गेली. सगळं गाव विहिरीवर येत राहिलं, आंबूआय तेवढी आली नाही.

मग लंगडी मेली. ही पोशीची सगळ्यांत लाडकी. पिल्लू असताना घारीच्या तावडीतून सोडवलेली. पोशी तिला पदरात घेऊन बसली. लंगडीनं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोशी."

विहिरीवर ते ऐकून धर्मीवहिनीचेसुद्धा डोळे भरले. "शेवटी तुझं नाव घेतलं गो तिनं. केवढी माया!" सगळ्या तेच म्हणाल्या. पोशीलाही तसंच वाटायला हवं होतं. पण तो शब्द तिला काट्यासारखा सलत राहिला. मायेनं हाक मारणाऱ्याचे डोळे तसे नसतात. लंगडीचे डोळे काहीतरी सांगत होते.

मग तिन्हीसांज झाली. पोशीनं सवयीनं मीठ घेतलं. ठमीवरून उतरवलं. मागच्या दारात आली आणि मूठ भिरकावली. उरलेल्या कोंबड्या खुराड्यात निपचित पडल्या होत्या. मिठाचे खडे भुईवर पडल्याचा आवाज झाला मात्र, त्या धडपडत बाहेर आल्या. पायात त्राण नाही, पंख घासतायत, तरी आल्या. पोशीच्या हातून रोज दाणे मिळायचे ना! हात हलला की त्या यायच्या. टिचटिच करून मिठाचे खडे टिपायला लागल्या.

पोशी तिथंच उभी राहिली. तिनं मूठ उघडून पाहिली. तळव्याला मीठ चिकटलं होतं. पांढरं. ते खाल्लं की लागते तहान, मागायचं पाणी. आणि ते टाकतं कोण? पोशी. तीन कोंबड्यांनी तीन शब्द खर्च करून तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते दुसरीच्या माथी मारले होते.

  तिनं खराटा घेऊन परस झाडलं, खडा न् खडा वेचला. कोंबड्यांना थोडं थोडं गोडं पाणी पाजलं. आणि मग तिला आंबूआय आठवली. अरे देवा! म्हातारी इतके दिवस पीत काय असेल?

राहिलेल्या पाण्याचा तांब्या उचलून पोशी धावत शेजारी गेली. दार नुसतं लोटलेलं. आत आंबूआय भुईवर पडली होती. हात दोन्हीकडे टाकलेले, कवडीनं पंख टाकले होते तसे. ओठ फुटलेले. उशाशी हंडा होता, त्यात बांधाकडेच्या डबक्यातलं मचूळ पाणी होतं. पोशीनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

ती रात्रभर म्हातारीच्या तोंडात चमच्या-चमच्यानं गोडं पाणी घालत बसली. मध्येमध्ये रडत होती. म्हातारी गिळत होती, पण डोळे उघडत नव्हती.

उजाडल्यावर पोशी विहिरीवर गेली. सगळ्या बायका होत्या. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "कोंबड्या आंबूआयनं मारल्या नाय. मी मारल्या. दृष्टीचं मीठ मीच परसात टाकत होते, तेच त्यांनी खाल्लं."

धर्मीवहिनी फणकारली. "मीठ काय विष हाय? अख्खं गाव मिठावर जगतंय."

"चिमूटभर मिठावर जगतंय, वहिनी. मी मुठींनी घातलं."

 चुकलं असं कुणी म्हणालं नाही, धर्मीवहिनी तर नाहीच. मोठी माणसं तशीच असतात, त्यांना जड जातं. पण पोशीनं आंबूआयचा हंडा पुढे केला, तेव्हा एकेक बाई बाजूला झाली आणि दोर तिच्या हातात आला.

आंबूआय वाचली, बरं का. घाबरू नका. हळूहळू उठून बसायला लागली. कोंबड्याही सुधारल्या. पोशी रोज आधी म्हातारीचा हंडा भरायची, मग आपला. भात द्यायची, पाय चेपायची. म्हातारी सगळं करून घ्यायची, पण तिच्याशी बोलायची नाही. एक शब्द नाही.

शेवटी एक दिवस पोशीला राहवलं नाही. तिनं म्हातारीचे पाय धरले. "आय, मला शिव्या दे. मार. पण काहीतरी बोल गो."

आंबूआयनं तिच्याकडे पाहिलं. चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. आणि पांढऱ्या डोळ्यातूनही आलं.

"कोंबडीपाशी एकच शब्द होता पोशे," ती म्हणाली. "तिनं मरता मरता तो बी तुला दिला. तुझ्यापाशी तर सगळे शब्द होते. कुंपणाशी येऊन मला एकदा विचारायचं होतंस, आय, हे तूच केलंस का?"

पोशीनं तोंड पदरात लपवलं. म्हातारीनं तिला उठवलं नाही, पण दूरही लोटलं नाही. बऱ्याच वेळानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग पुढे ठमी मोठी झाली. अंडी खाऊन चांगली धडधाकट झाली. पोशी, हसुराम, ठमी आणि आंबूआय एका चुलीवर जेवायला लागली, आणि बऱ्यापैकी सुखात राहिली. अगदी पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी. खाडीला भरती आली, तशी ओहोटीही आली, आणि गोष्ट पाण्याबरोबर वाहून गेली.

चला, आता कुशीवर वळा. आणि तुम्ही दोघं, संध्याकाळपासून एकमेकांशी अबोला धरून बसलायत ना? काय ते आत्ता विचारून टाका, आणि मग डोळे मिटा.