लगडीचे खरे वजन

एकदा एका पेठेत सकाळपासून असा झोंबरा वारा सुटला होता, की दुकानांच्या फळ्या आपोआप आपटत होत्या. वाऱ्यात काटा ठरत नाही, म्हणून वृद्ध सोनारबाबांचा शिष्य त्रिंबक दार लोटून बसला होता. तेवढ्यात एक व्यापारी आपली सोन्याची लगड परत न्यायला आला. महिन्यापूर्वी तीर्थाला निघताना त्याने ती बाबांकडे ठेवली होती. तेव्हा ती साडेचाळीस तोळे भरली होती.

त्रिंबकाने लगड उजव्या पारड्यात ठेवून तोलली. साडेएकोणचाळीस. पुन्हा तोलली, तेवढीच.

"एक तोळा कुठं गेला?" व्यापारी म्हणाला.

शेजारची कासारीण दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "शेटजी, जवान माणसाच्या नखात तोळाभर सहज मावतं."

त्रिंबकाला घाम फुटला. एकदा नाव गेले, की सोनाराच्या हाती कोणी नथीचा मोतीही देत नाही.

बाबा आतून सावकाश आले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्रिंबका, ओंजळभर बारीक वाळू आण."

"मी सोनं मागतोय, वाळू नव्हे."

"बसा शेटजी, पाणी घ्या. सोनं काही पळत नाही."

बाबांनी उजव्या पारड्यात लगड ठेवली आणि डाव्यात चिमूटचिमूट वाळू सोडत काटा सरळ केला. मग लगड उचलली, आणि तिच्याच रिकाम्या जागी एकेक वजन मांडत गेले. काटा पुन्हा सरळ झाला तेव्हा पारड्यात बरोबर चाळीस तोळे होते.

"हे तर तिसरंच निघालं," व्यापारी वैतागला.

"हेच खरं. आता त्या दिवशी बसला होतात तसे डाव्या अंगाला बसा, आणि तेव्हासारखीच आपल्या हातानं लगड जवळच्या पारड्यात ठेवा."

डाव्या पारड्यात लगड साडेचाळीस भरली. उजव्यात ठेवली, तर साडेएकोणचाळीस. व्यापारी काट्याकडे पाहतच राहिला.

बाबा म्हणाले, "दसऱ्याला पूजेसाठी काटा घासताना माझ्याच हातून दांडी जराशी वाकली. मी वर गेलेल्या पारड्याखाली लाखेचा तुकडा पासंग म्हणून चिकटवला. रिकामा काटा सरळ दिसला, मी निश्चिंत झालो. भार पडल्यावर तो खोटं बोलेल, हे ध्यानात आलं नाही. चूक माझी. पण शेटजी, निर्दोष काटा मिळाल्यावरच तोलू म्हटलं, तर जगात तोलणं व्हायचंच नाही. तुमच्या-माझ्या मनालाही कुठंतरी पासंग लागलेलाच आहे. म्हणून जिथं सोनं बसलं, तिथंच वजनं बसवायची. काट्याची खोड मग दोघांना सारखीच लागते. माणूस तोलतानाही तेवढंच करावं. त्याच्या जागी क्षणभर आपल्याला बसवून बघावं. आज एक तोळा तुमच्या हातून कमी भरला असता, तर तुम्ही आधी काटा तपासला असता की नाही?"

व्यापाऱ्याने लगड उचलली. मग ती पंच्यात गुंडाळत त्रिंबकाला म्हणाला, "तपासला असता रे, पोरा."

दिवस कलल्यावर त्रिंबक दांडी सरळ करायला तापवत होता. कासारीण गाठोडे काखेत घेऊन आली, थोडी घुटमळली, आणि त्याच्यापुढे किल्ली ठेवून म्हणाली, "आठ दिवस लेकीकडं चाललेय रे त्रिंबका. घर बघ जरा. आतल्या पेटीला कुलूप नाही."