बरं न्हाई म्हणणारी ठमा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. विचारलंत तर मी काहीतरी ठोकून देईन आणि तुम्ही ते खरं धरून बसाल. घाटात गाडीरस्ता नव्हता, तळवट गावातून वर माथेपेठेला जायचं तर शेळ्यांनी पाडलेली पायवाट होती, एवढं पुरे. आणि मधे बोलू नका. ही गोष्ट मला बसून सांगता येत नाही, तशात कुणी टोकलं की धागा तुटतो.

तर त्या तळवटात ठमा कासारीण राहत होती. डोक्यावर बांगड्यांची पाटी आणि पायाला भिंगरी. आज या वाडीत, उद्या त्या वाडीत. भाकरीसुद्धा ती उभ्यानं खायची, असं म्हणतात. बाया म्हणायच्या, "ठमाबाई, टेका की घटकाभर." ती म्हणायची, "टेकले तर गंज चढंल गं मला." आणि बोलता बोलता पुढच्या दारात.

कासारणीचं काम म्हणजे हात हातात घेण्याचं. बोटं चोळायची, तळवा दाबायचा, गप्पांत गुंतवायचं आणि बांगडी अलगद मनगटावर न्यायची. त्यामुळे कुणाचा हात तापलाय, कुणाचा गारठलाय, परवा घट्ट बसलेली बांगडी आज कुणाच्या कोपरापर्यंत घसरतेय, हे ठमाला सगळ्यांच्या आधी कळायचं. औषधातलं मात्र तिला ओ की ठो ठाऊक नव्हतं. "मला नाडी कळत न्हाई बाई, बांगडी कळती," असं ती स्वतःच सांगायची.

वर माथेपेठेत त्र्यंबकशास्त्री वैद्य होते. त्यांच्या हाताला गुण होता, खोटं कशाला बोलू? पण ओसरीला पायऱ्या उंच, आणि पहिल्याच पायरीवर बाजीबा कारभारी ठाण मांडून बसलेला. शास्त्री आत खलबत्त्यात गुंग असायचे. दाराशी कोण आलं आणि कोण परत गेलं, याचा त्यांना पत्ता नसायचा. येईल त्याला बाजीबा खालपासून वरपर्यंत न्याहाळायचा, हातात काय आणलंय ते बघायचा आणि विचारायचा, "काय, बरं आहे ना?"

आता इथंच सगळी मेख होती बघा. तळवटची माणसं मर्यादेची. मोठ्या माणसानं 'बरं आहे ना' विचारलं की 'बरं हाय जी' म्हणायचं, ही त्यांची रीत. मोठ्यांपुढं आपलं रडगाणं गायचं नाही, हे आयांनी घासाबरोबर भरवलेलं. मग अंगात ताप फणफणत असो की पोटात कळ उठत असो, तळवटचा माणूस हात जोडून म्हणायचा, "बरं हाय जी, तुमच्या कृपेनं." बाजीबा म्हणायचा, "बरं आहे तर घाट चढून आलात कशाला? व्हा बाजूला." आणि ती माणसं बाजूला व्हायची हो! काय म्हणावं या भलेपणाला! सांगताना अजून माझं डोकं फिरतं.

ठमाचा नवरा रावजी असाच गेला. छातीत कफ दाटलेला, धापा टाकत घाट चढला आणि तसाच उतरून आला. ठमा वाडीवरून परतली तर तो अंथरुणावर पडलेला.

"काय म्हणाले वैद्य?" तिनं विचारलं.

"भेटलेच न्हाईत. कारभारी भेटलं. बरं हाय का म्हणालं, मी म्हणालो बरं हाय."

"अवं, पण का म्हणालात तसं?"

रावजी ओशाळला. "त्यांनी इचारलंच तसं गं," म्हणाला.

पुढच्या बाजाराआधी रावजी गेला. बायांनी रीतीप्रमाणे ठमाचे हात ओटीच्या दगडावर धरले आणि बांगड्या फोडल्या. एक हिरवी बांगडी तेवढी तिनं मुठीत दाबून धरली. "ही न्हाई फोडायची," म्हणाली. "बाकीच्या नवऱ्याच्या व्हत्या, गेल्या. ही माझ्या तोंडाची हाय, आता गप्प न्हाई बसायची." गावात कुजबुज झाली, विधवा बाई आणि हातात हिरवी बांगडी! ठमानं ती कुजबुज पाटीखाली घातली आणि चालू लागली. आणि असं म्हणतात की तेव्हापासून, दुखणाईत माणूस ठमासमोर 'बरं हाय' म्हणालं की ती बांगडी आपोआप थरथरायची. एकटीच बांगडी, तरी किणकिण वाजायची. मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

गावात येसू नावाची पोर होती, गेनूची बायको, पहिलटकरीण. तिच्या डोहाळजेवणाला ठमानंच हिरवा चुडा भरला होता, चांगला गच्च. काही दिवसांनी ठमा सहज दारावरून चालली होती. येसू पाण्याचा हंडा उचलत होती. तिनं हात वर केला आणि सगळा चुडा खळ्ळकन कोपराशी गेला.

"येसू, कसं हाय गं?"

"बरं हाय मावशी," येसू हसून म्हणाली.

ठमाच्या हातातली बांगडी अशी वाजली की दारातली कोंबडी पळाली. ठमानं पाटी तिथंच उतरवली आणि येसूचा हात धरला. हात तव्यासारखा तापला होता. किती दिवस ताप अंगावर काढत होती, देव जाणे! ठमानं तिथल्या तिथं गेनूला हाक मारली, शेजाऱ्याची घोंगडी ओढली, बांबू घातला, झोळी केली. सासू म्हणाली, "अगं, रिकाम्या हातानं कसं जायाचं वर?" ठमा म्हणाली, "हात रिकामं असू द्या, तोंड भरलेलं हाय माझं."

घाट चढताना ठमा झोळीच्या पुढं धावायची, मागं यायची, पुन्हा पुढं जायची. असं म्हणतात की माणसं एकदा घाट चढली तेवढ्यात ती तीनदा चढली. शेवटी झोळी पायऱ्यांपाशी टेकली. बाजीबानं पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "काय, बरं आहे ना?"

गेनूचे हात सवयीनं जोडले गेले. बायको झोळीत कण्हतेय, आणि हा शहाणा म्हणतो, "बरं हाय जी..."

"बरं न्हाई!" ठमा ओरडली.

असं म्हणतात, त्या आवाजानं वळचणीच्या पाली खाली पडल्या, आतला खलबत्ता थांबला, आणि खाली तळवटात बसलेल्या गाई उठून उभ्या राहिल्या. आजवर त्या पायरीवर हे दोन शब्द कुणी बोललंच नव्हतं. बाजीबाचा विडा गालातच राहिला. आतून शास्त्री बाहेर आले, त्यांनी झोळी बघितली आणि न बोलावता खाली उतरले.

नाडी बघून ते म्हणाले, "मोत्याची मात्रा द्यावी लागेल." मात्रेला काय पडेल ते बाजीबानं सांगितलं. एक दुभती म्हैस. गेनूकडं एकच म्हैस होती. तो 'जी' म्हणायला तोंड उघडतोय, तोच ठमानं त्याला कोपरानं ढोसलं.

"दुसरं काय हाय?" तिनं शास्त्र्यांना विचारलं.

"दुसरं म्हणजे?"

"दुसरं म्हंजी स्वस्त. आमच्या रानातलं, आमच्या बांधावरलं. असंल तर असंल म्हणा, नसंल तर नसंल म्हणा. पर सांगा."

शास्त्र्यांनी येसूची नाडी पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाले, "आहे. काढा आहे. पाला तुमच्याच ओढ्याला मिळतो. गुण तसाच येतो, पण सावकाश. मधूनमधून नाडी बघत राहावी लागते."

"मग ह्ये आदी का न्हाई सांगितलं कुणाला?"

"कुणी विचारलंच नाही, बाई," शास्त्री म्हणाले, आणि त्यांची नजर पायरीवर गेली. माणूस वाईट नव्हता हो. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही ही त्यांची रीत, आणि विचारायचं नाही ही आपली. दोन रीतींच्या मधे माणसं मरत होती.

ठमाचं तेवढ्यावर भागेना. "नाडी बघाया ही पोर सारखी घाट चढंल व्हय? असं करू. आमी अर्धा चढतो, तुमी अर्धा उतरा." बाजीबा तर हसायलाच लागला. शास्त्री हसले नाहीत. घाटाच्या मध्यावर जांभळाचं झाड होतं, दर बाजारच्या दिवशी शास्त्री तिथंवर उतरायला लागले. येसू बरी झाली. तिला मुलगी झाली, आणि म्हैस गोठ्यातच राहिली. त्या जागेला अजून अर्ध्याची जांभूळ म्हणतात. झाड केव्हाच गेलं, नाव राहिलं.

झालं! आता ज्याला त्याला ठमा हवी. "ठमाबाई, तुमचं तोंड जरा उसनं द्या," म्हणत माणसं दाराशी यायची, आणि ती निघायची. पाटीतल्या बांगड्या तशाच राहायच्या. ती म्हणायची, "बरं न्हाई." विचारायची, "दुसरं काय हाय?" न कळलं तर म्हणायची, "परत सांगा, सोपं करून." दुखणाईत माणूस तिच्या मागं खाली मान घालून उभा. बांगडी काही थरथरायची थांबेना.

यामुळं ठमाला रात्रीची झोप लागेना. माणसं बरी होत होती, पण बोलत कुणीच नव्हतं. सगळ्यांचं आपलं एकच, ठमा बोलंल. ती चिडायची, "मेल्यांनो, मी काय अमरपट्टा घेऊन आलेय? माझ्यामागं कोण बोलंल तुमचं?" माणसं हसायची. म्हणायची, "तुमी हाय की!" मग ती चालायला लागायची, उगाच, कुठंही. रात्र नाही, दिवस नाही, बांगडीची किणकिण गावाभोवती फिरत राहायची.

आणि एक दिवस तिचा घसा बसला, तो उठलाच नाही. आधी आवाज घोगरा झाला, मग गेला. घशात गाठ आली. पाणी उतरेना. मनगट असं वाळलं की ती हिरवी बांगडी दंडापर्यंत जायला लागली. कुणी विचारलं, "ठमाबाई, बरं हाय ना?" तर ती नुसती मान हलवायची, न्हाई, न्हाई. ज्या बाईनं साऱ्या गावाचं तोंड वाहिलं, तिला आता स्वतःचंच उरलं नव्हतं.

शास्त्री तोवर म्हातारे झाले होते, जांभळीपर्यंत उतरेनात. म्हणून गावानं ठमाला झोळीत घातलं. पुढं गेनू, मागं येसू आणि निम्मं गाव. सगळे पायऱ्यांपाशी पोचले. बाजीबाही म्हातारा झाला होता, पण पायरी काही सुटली नव्हती. त्यानं सगळ्यांकडं बघितलं आणि विचारलं, "काय, बरं आहे ना?"

कुणी बोलेना. एवढा जमाव, पण जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतोय. गेनूचे हात जोडले जायला लागले. तेव्हा ठमा झोळीतून उठली. ठमानं गेनूचा जोडलेला हात सोडवला, हातात घेतला, बोटं चोळली, तळवा दाबला आणि आपल्या दंडावरची बांगडी उतरवून त्याच्या मनगटावर चढवली. कुणब्याचा एवढा रुंद हात, पण बांगडी अलगद गेली, असं म्हणतात.

बाजीबा खो खो हसला. "काय रे गेनू, बांगड्या भरल्यास काय हातात?"

गेनूनं हाताकडं बघितलं. मग बाजीबाकडं बघितलं.

"व्हय, भरली," तो म्हणाला. "बरं न्हाई! ठमाबाईला बरं न्हाई. वैद्यांना बोलवा!"

मागून येसू ओरडली, "बरं न्हाई!" मग तिची पोरगी, मग निम्मं गाव. असं म्हणतात की त्या आवाजानं ती उंच पायरी जमिनीत खचली, आणि बाजीबा बसल्या जागी सगळ्यांच्या बरोबरीला आला. खाली तळवटात राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही अंथरुणातून तेच दोन शब्द म्हटले. आणि गेनूच्या हातातली बांगडी, इतकी वर्षं थरथरणारी, गप्प झाली.

शास्त्री काठी टेकत आले. त्यांनी घसा बघितला. गेनूनं विचारलं, "दुसरं काय हाय?" शास्त्र्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी त्यांच्याकडं पहिलंही औषध नव्हतं आणि दुसरंही, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ठमानं ते ऐकलं. तिनं साऱ्या गावाकडं एकदा बघितलं आणि खचलेल्या पायरीवर टेकली. जन्मात पहिल्यांदा टेकली. ती तिथून उठली नाही.

आता तुम्ही म्हणाल, याला पुरावा काय? तर जा तळवटला. तिथं सरकारी दवाखाना बांधायला घेतला तेव्हा गावानं दाराला पायरी बांधू दिली नाही, उतार करून घेतला. तिथलं माणूस आजारी पडलं की त्याला एकट्याला कुणी पाठवत नाही. गाडी निघायच्या आधी आजूबाजूची विचारतात, "तोंड कोण?" मग कुणीतरी पुढं होतं, बाई असो की बाप्या, आणि त्याच्या हातात एक हिरवी बांगडी भरतात. तालुक्याच्या इस्पितळात मिशाळ गडी हातात बांगडी घालून डॉक्टरसमोर बसलेला दिसला की नर्सबाईसुद्धा ओळखतात, हा तळवटचा. आता सगळं दोनदा समजावून सांगावं लागणार, आणि हा 'दुसरं काय हाय' विचारल्याशिवाय उठणार नाही.

बाकीच्या मुलुखात गप्प बसणाऱ्या पुरुषाला चिडवतात, हातात बांगड्या भर म्हणून. तळवटात उलटं आहे. तिथं कुणी दवाखान्याच्या दारात 'बरं हाय जी' पुटपुटायला लागला, तर मागची म्हातारी त्याला खसकन ओढते आणि म्हणते, "हातात बांगडी भरलीया न्हवं? मग बोल की!"